रोजच्या भाकरीचा भरवसा : वऱ्हाडातील ख्रिस्ती विश्वासाचा इतिहास

देव आपल्या रोजच्या गरजा भागवतो, ही श्रद्धा जगभरच्या ख्रिस्ती लोकांत आहे. वऱ्हाडात मात्र ती सुरुवातीपासून जमाखर्चाशी जोडली गेली. अचलपूर, अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत जे प्रॉटेस्टंट मिशनरी स्थिरावले, त्यांतल्या अनेकांना महिन्याचा ठरलेला पगार नव्हता. कोणाच्या मागे मोठी संस्था नव्हती. कोणाच्या मागे असली तरी पैसे येतीलच, अशी हमी ती देत नसे. लागेल ते प्रार्थनेत मागायचे, माणसांपुढे हात पसरायचा नाही आणि कर्ज काढायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. अशा मंडळ्यांना ‘विश्वास मिशन’ म्हणण्याचा प्रघात आहे. या प्रथेचे मूळ इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सापडते. जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली तिथे अनाथालय काढले आणि कोणाकडे देणगी न मागता ते चालवून दाखवले. हडसन टेलर यांनी १८६५ साली चायना इनलँड मिशन याच तत्त्वावर उभारली. पंडिता रमाबाईंनी या दोघांची चरित्रे वाचली होती आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार त्याच वळणावर नेला, हे मराठी वाचकांना ठाऊक असते. वऱ्हाडातला प्रयोग मुक्ती मिशनच्या आधीचा आहे, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस अडकला. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडात पोचत होती. काळ्या जमिनीतल्या कपाशीला सोन्याचे मोल आले. अमरावती आणि खामगावच्या बाजारांत दलाल, गाठी बांधण्याचे कारखाने आणि परदेशी पेढ्यांचे गुमास्ते दिसू लागले. मिशनरी मात्र या भागात उशिरा आले. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ सालीच बस्तान बसवले होते. नागपुरात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली पोचले. वऱ्हाडाच्या दक्षिण सीमेपलीकडे जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. या तिन्ही केंद्रांच्या मधला वऱ्हाड बराच काळ मोकळा राहिला. जुन्या, पैसेवाल्या मिशनांचे मनुष्यबळ आपापल्या मुलखात गुंतलेले होते, म्हणून ही मोकळी जागा संस्थेचा आधार नसलेल्या फिरस्त्यांच्या वाट्याला आली.

त्यांना वाट दाखवणारा माणूस मुंबईत होता. जॉर्ज बोवेन हे १८४८ साली अमेरिकन मिशनचे पगारी कार्यकर्ते म्हणून मुंबईत आले. थोड्याच काळात त्यांनी पगार सोडला, वस्तीतल्या साध्या खोलीत बिऱ्हाड केले आणि शिकवण्या करून ते पोट भरू लागले. १८८८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा क्रम मोडला नाही. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर हे मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आले. परदेशातून पैसा न आणता, इथल्याच मंडळ्यांनी आपला पाळक पोसावा, असा त्यांचा आग्रह होता. बोवेन त्यांना मिळाले. टेलर यांच्या हाकेला ओ देऊन अमेरिकेतून जे तरुण आले, त्यांत अल्बर्ट नॉर्टन होते. टेलर यांची व्यवस्था शहरातल्या नोकरदार युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींच्या वर्गणीवर चालण्याजोगी होती. नॉर्टन यांनी ती सोडून दिली आणि जिथे वर्गणी देणारे कोणीच नव्हते असा मुलूख निवडला. तेव्हा एलिचपूर म्हणून ओळखले जाणारे अचलपूर आणि त्यापलीकडचे कोरकूंचे डोंगर हे त्यांचे क्षेत्र झाले.

१८८१च्या आरंभी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य मुंबईत उतरले. तेही स्वतंत्र होते. त्यांनी बऱ्हाणपूर आणि एलिचपूर भागात काम केले. पुढे फ्री मेथडिस्ट मिशन यवतमाळला स्थिरावली, तिची पाळेमुळे या दांपत्यापर्यंत जातात. जेनी फ्रो ही ओबर्लिनच्या कॉलेजात शिकलेली तरुणी १८७०च्या दशकात नॉर्टन कुटुंबाच्या मदतीला आली. मार्कस फुलर यांच्याशी लग्न झाल्यावर ती पतीसह अकोल्यात राहू लागली. १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून अकोल्याचे काम न्यूयॉर्कमधल्या ए. बी. सिम्पसन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सशी जोडले गेले आणि अकोला हे त्या मिशनचे भारतातले मुख्य ठाणे बनले. खामगाव, अमरावती, मूर्तिजापूर, चांदूर अशी रेल्वेच्या कडेची गावे या कामात आली. अलायन्सची शिकवण चार पदांत मांडली जाई : ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. यातले तिसरे पद वऱ्हाडाच्या हवेत सर्वांत अवघड ठरले.

दैवी सामर्थ्यावर भरवसा टाकणे ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नव्हती. याच काळात, १८७८ ते १९१०, खामगावला लागून असलेल्या शेगावात गजानन महाराजांभोवती लोक जमत होते. रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र शतकानुशतके गजबजलेले होते. गावोगाव मरीआईला, म्हसोबाला नवस बोलले जात. पटकी आली की गाडा काढून ती शिवेबाहेर घालवली जाई. मेळघाटात आजाराचे कारण भूमका किंवा पडियार सांगत असे. भूमका गावाचा पुजारी असतो आणि पडियार अंगात देव आणून दुखण्याचे मूळ शोधतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा पुढे याच नवसांवर आणि कोंबड्या-बकऱ्यांच्या बळींवर कीर्तनांतून कोरडे ओढणार होते. मिशनरींनी या भूमीत आणलेली गोष्ट वेगळीच होती. नवसात देवाशी देवघेव असते : काम झाले तर अमुक वाहीन. ख्रिस्ती प्रार्थनेत देण्याचे वचन मागणीला बांधलेले नसे, आणि मागणी आपल्याच शब्दांत, पुजाऱ्याच्या मध्यस्थीविना केली जाई. बायकाही मोठ्याने प्रार्थना करत. मिळालेल्या उत्तराची ‘साक्ष’ चारचौघांत उभे राहून द्यायची, ही तर आणखीच नवी रीत. ज्या अस्पृश्य माणसाला गावच्या पारावर तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्याला मंडळीत उठून ‘माझ्यासाठी देवाने हे केले’ असे सांगता येऊ लागले. या रीतीचे सामाजिक मोल तिच्या धार्मिक अर्थापेक्षा कमी मानता येत नाही.

बिनपगारी मिशनऱ्याचे राहणे लोकांना अगदीच परके वाटले नसावे, कारण भिक्षेवर जगणारा साधू त्यांच्या ओळखीचा होता. साल्व्हेशन आर्मीचे फ्रेडरिक टकर १८८२ साली मुंबईत आले, तेव्हा त्यांनी फकीर सिंग हे नाव घेतले, भगवे कपडे घातले आणि भिक्षापात्र हाती धरले. वऱ्हाडातल्या विश्वास मिशनांनी इतके टोक गाठले नाही. त्यांचे मिशनरी बंगल्यात राहत, बैलगाडीने दौरे करत, हिवाळ्यात तंबू ठोकून खेडी फिरत. लोकांच्या डोळ्यांना हा साहेबच दिसे. महिनाअखेरीस त्याच्या पेटीत किती पैसे उरले आहेत, हे त्याच्या स्वयंपाक्याखेरीज फार थोड्यांना कळत असणार.

माणसांकडे मागायचे नाही, या तत्त्वाला एक पळवाटही होती. म्युलर स्वतः दरवर्षी अनाथालयाचा अहवाल छापत. वऱ्हाडातून इंग्लंड-अमेरिकेला जाणारी पत्रे, मासिकांतले मजकूर, सुट्टीवर गेलेल्या मिशनऱ्यांची भाषणे यांतून गरज कळतच असे. कोणाचे नाव घेऊन हात पसरला नाही एवढेच. पण कुठल्या घरात किती मुले जेवतात हे वाचून देणारा देई. यात दांभिकपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैसे कधी येतील, किती येतील हे खरोखरच कोणाला माहीत नसे आणि ते न आल्यास दाद मागायला कोणी नव्हते. तरीही या विश्वासामागे वाचणाऱ्यांचे, टपालाचे आणि बँकांचे एक दूरवर पसरलेले जाळे उभे होते, हे विसरून चालत नाही. एलिचपूरच्या कोरकूला ते जाळे नव्हते.

नॉर्टन यांच्याच प्रयत्नांतून इंग्लंडमध्ये १८९० साली कोरकू आणि मध्य भारतीय डोंगरी मिशन स्थापन झाली. तिचे काम मेळघाटाच्या पायथ्याशी आणि बैतूलच्या बाजूने पसरले. या मिशनच्या जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली कलकत्त्याला छापले गेले. कोरकू ही मराठी किंवा गोंडीच्या घराण्यातली नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे, त्यामुळे हे काम सोपे नव्हते. डोंगरात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या मात्र थोडीच राहिली.

बरे करणाऱ्या ख्रिस्तावरचा विश्वास म्हणजे नेमके काय, यावर अलायन्सच्या लोकांत एकमत नव्हते. सिम्पसन यांची १८८१ साली हृदयविकारातून प्रार्थनेने सुटका झाली, असे ते सांगत. त्यांच्या अनुयायांपैकी काही जण औषध घेणे हा अविश्वास मानत. बाकीचे औषधाला देवाची देणगी समजत. न्यूयॉर्कच्या सभागृहात हा वाद चालवणे सोपे होते. पूर्णेच्या खोऱ्यात पावसाळा सरला की हिवताप घरोघर असे, उन्हाळ्यात पटकी येई, आणि डासामुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिद्ध करेपर्यंत जगालाही ते ठाऊक नव्हते. क्विनीन घ्यायचे की नाही, हा अशा ठिकाणी जिवाचा प्रश्न होता. कालांतराने बहुतेक ठाण्यांवर मध्यममार्ग रुळला : प्रार्थना करायची, आजाऱ्याला तेल लावायचे आणि औषधाची बाटलीही ठेवायची. खेड्यातली आई तापलेले पोर घेऊन मिशनच्या ओट्यावर आली तर तिला नुसत्या प्रार्थनेवर परत पाठवणे कठोर मनाच्या माणसालाही जड गेले असते.

या सगळ्याची खरी कसोटी दुष्काळात लागली. १८९६-९७चा दुष्काळ वऱ्हाडाला चाटून गेला. १८९९-१९००च्या दुष्काळाने मात्र प्रांत हादरवला. त्याआधी वऱ्हाडाची ख्याती ‘खात्रीच्या पावसाचा मुलूख’ अशी होती. कपाशीच्या पैशावर ज्वारी विकत घेण्याची सवय लागलेल्या कास्तकाराकडे कणगीत साठा नव्हता. मजुराकडे तर काहीच नव्हते. पाऊस दडी मारून बसला, पऱ्हाटी वावरातच वाळली, कडबा संपला, गुरे मेली आणि मागोमाग पटकी आली. १८९१च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांची नैसर्गिक वाढ धरली तर खरी हानी या फरकापेक्षा मोठी होती.

मिशनच्या आवारांत मुले येऊ लागली. काहींना आईबापांनी आणून सोडले, काही रस्त्यावर सापडली, काही सरकारी दुष्काळी कामांच्या छावण्यांतून आली. अलायन्सने अकोल्यात मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथालय चालवले. १८९६-९७ सालीच रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली केडगावला नेल्या होत्या. नॉर्टन तोवर वऱ्हाड सोडून गेले होते. दुष्काळातल्या मुलांसाठी त्यांनी दौंडला आश्रम काढला. न मागण्याचे तत्त्व या वर्षांत टिकणे शक्य नव्हते. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांना जाहीर आवाहन करून ‘क्विटो’ नावाचे जहाज मक्याने भरले आणि १९०० साली मुंबईला धाडले. तो मका मिशनऱ्यांच्या समित्यांमार्फत वाटला गेला. जेनी फुलर यांचे हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरचे पुस्तक, ‘द राँग्ज ऑफ इंडियन वूमनहूड’, रमाबाईंच्या प्रस्तावनेसह त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्या वारल्या.

दुष्काळाने या चळवळीचा चेहरा बदलला. तोवर वऱ्हाडात ख्रिस्ती झालेले लोक मोजके होते. आता शेकडो मुले मिशनच्या हाती वाढू लागली. अशा आश्रमांत मुले लिहिणे-वाचणे, सुतारकाम, शेतकाम शिकत, मुली शिवण आणि स्वयंपाक शिकत. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असे. या मुलांना ‘देव पोसतो’ हे वाक्य शिकवावे लागले नाही, त्यांनी ते ताटात पाहिले होते. बाहेरच्यांनी त्याला भाकरीसाठीचे धर्मांतर म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण उपाशी पोराला धर्म निवडण्याची मोकळीक होती असे मानणेही खरे नाही. पुढच्या पिढीतले वऱ्हाडातले पाळक, शिक्षक आणि घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया बऱ्याच अंशी या अनाथालयांतून आल्या. वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास म्हणून एखाद्या दुष्काळी वर्षापाशी येऊन थांबतो. त्याच्या मागचे गाव, जात, कुलदैवत यांचा धागा तिथे तुटलेला असतो.

२९ जून १९०५ रोजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेत जो उमाळा उसळला, त्याला ‘संजीवन’ म्हटले गेले. रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास एकत्र मोठ्याने चाललेली प्रार्थना अशी त्याची लक्षणे होती. काही महिन्यांतच त्याची लाट वऱ्हाडातल्या अलायन्सच्या ठाण्यांवर पोचली. तिथल्या अनाथालयांत केडगावसारखीच दुष्काळातून वाचलेली मुले होती, हे ध्यानात घेतले तर हे पसरणे अनपेक्षित वाटत नाही. आईबापांना मरताना पाहिलेल्या मुलांना इतक्या मोठ्याने रडण्याची मुभा प्रथमच मिळत होती. मिशनऱ्यांनी त्यात पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पाहिले. उपवास-प्रार्थना, रात्रभराची प्रार्थनासभा, घरोघरच्या प्रार्थना या रीती मराठी मंडळ्यांत घट्ट बसल्या त्यात या लाटेचा वाटा मोठा आहे.

बरे होण्याच्या विश्वासाला मर्यादा दाखवणारे काम अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे चालू झाले. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या मिशन टू लेपर्स या संस्थेच्या साहाय्याने डोंगरी मिशनने तिथे कुष्ठरोग्यांचा आश्रम उभारला. ताप प्रार्थनेनंतर उतरतो, कारण बहुतेक ताप कधीतरी उतरतातच. कुष्ठरोगात झडलेले बोट परत येत नाही. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध येईपर्यंत जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, जेवण आणि निवारा देणे एवढेच हाती होते. त्यामुळे कोठाऱ्यात देवाच्या सामर्थ्याचा अर्थ चमत्काराकडून चिकाटीकडे सरकला. अमरावतीत १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, तेव्हा या जिल्ह्याला कुष्ठसेवेचा अनुभव बऱ्याच वर्षांचा होता. कोठाऱ्याचे रुग्णालय लेप्रसी मिशनकडे आजही आहे आणि आता ते परिसरातल्या सर्वसाधारण रुग्णांनाही उपचार देते.

विश्वासाचा आणि पगाराचा जुना प्रश्न विसाव्या शतकात उलटा होऊन समोर आला. परदेशी मिशनऱ्याला पगार नव्हता, पण त्याच्या हाताखालच्या देशी प्रचारकाला, शिक्षकाला, बायबलबाईला मिशन दरमहा वेतन देई. देवावर भरवसा ठेवून वाट पाहणे साहेबाला शक्य होते. बायकापोरांच्या प्रचारकाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बंगल्याकडेच पाहावे लागे. ज्यांनी गरिबी स्वेच्छेने पत्करली त्यांनी तिची शिकवण जन्मतः गरीब असलेल्यांना दिली आणि देताना तिचा अर्थ बदलला. या विसंगतीला मराठी ख्रिस्ती माणसाने दिलेले सर्वांत ठळक उत्तर वऱ्हाडाबाहेरचे आहे. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगाराने बांधलेला प्रचारक आणि स्वदेशी ख्रिस्ती भक्ती यांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९१९मध्ये ते वारले आणि दरबार विखुरला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याच भरवशाची घरातली बाजू दिसते, म्हणजे नवऱ्याने पैशाची फिकीर सोडल्यावर चूल कोणी पेटवायची हा प्रश्न. वऱ्हाडात असे नाट्यमय पाऊल कोणी उचलले नाही. तिथे दशांश, मूठभर पिठाचे वा धान्याचे दान आणि कापणीच्या सणाची अर्पणे यांवर मंडळ्यांचा स्वतःचा खर्च हळूहळू उभा राहिला. या सणाला नवी ज्वारी, तूर, कपाशी, कोंबडी, अंडी मंदिरात आणतात, पुढे त्यांचा लिलाव होतो आणि ऐपतीचा माणूस एका भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावतो.

शेतीशी जोडलेला हा भरवसा अमरावती-अकोल्यात विशेष तीव्र असण्याला जमिनीचेही कारण आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. तिथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागते; ते पिण्याला चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. सारे आभाळावर. मृगात पेरणी करावी की पुढच्या पावसाची वाट पाहावी, दुबार पेरणीचे बी कुठून आणावे, हे निर्णय घेणारा कास्तकार ख्रिस्ती असो वा नसो, देवाचे नाव घेतल्याशिवाय तिफण धरत नाही. ख्रिस्ती मंडळ्यांत पावसासाठी स्वतंत्र प्रार्थनासभा होतात, त्या याच जमिनीतून उगवल्या.

कॅथलिक काम वऱ्हाडात वेगळ्या वळणाने वाढले. फ्रान्समधल्या ॲनसी इथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघाने मध्य भारतात काम केले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली झाला आणि वऱ्हाड त्यात मोडत असे. या संघाचे आश्रयदाते असलेल्या संताने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मुद्दा ठासून मांडला होता : भक्ती मठात जाऊनच करायची असते असे नाही, सैनिक, कारागीर, गृहिणी यांनी आपापल्या कामात राहून ती करावी. विश्वास मिशनांच्या धाडसी भरवशापेक्षा हा सूर शांत आहे. त्यात पगार सोडणे नाही, औषध नाकारणे नाही. रोजची प्रार्थना, मिस्सा, जपमाळ, नऊ दिवसांची नोव्हेना आणि केलेल्या कामाचे देवाला अर्पण आहे. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी निर्माण झाला आणि जोसेफ रोझारिओ हे पहिले बिशप झाले. अमरावती आणि अकोल्यातल्या शहरी लोकांना कॅथलिक काम मुख्यतः शाळांमुळे माहीत आहे.

दवाखाना आणि प्रार्थना यांचा मेळ वाशीमला बसला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. चर्च ऑफ द नाझरीन ही मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून बुलडाण्यात काम करत होती. वाशीमचे क्षेत्र तिच्याकडे नंतर मेथडिस्टांकडून आले. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि १९३८ साली त्यांनी मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षणही होऊ लागले. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करणारा डॉक्टर ही प्रतिमा या परिसरात त्या दवाखान्याने रुजवली. त्याच्या पन्नास वर्षे आधी औषध घ्यावे की नाही यावर भांडणारी विश्वासाची परंपरा इथे ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन पोचली होती.

स्वातंत्र्यानंतरची दहा वर्षे वऱ्हाडातल्या ख्रिस्ती लोकांना अवघड गेली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींच्या आदेशाने या जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. महार-मांग वस्तीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना शिष्यवृत्ती आणि राखीव जागा मिळेनात. विश्वासाची किंमत अर्जावरच्या एका रकान्यात मोजली जाऊ लागली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या सरकारने १९५४ साली न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ साली आलेल्या तिच्या अहवालाने परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर कडक टीका केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वऱ्हाडातला महार समाज मोठ्या संख्येने त्या वाटेने गेला. ज्या वस्त्यांत ख्रिस्ती प्रचारक पन्नास-साठ वर्षे फिरले होते, तिथे आता स्वाभिमानाची वेगळी भाषा बोलली जाऊ लागली. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे कठीण झाले, मिशनांची मालमत्ता देशी विश्वस्तांकडे जाऊ लागली आणि परदेशातल्या पैशाचा ओघ आटत गेला. मागे आधार नाही, पगाराची हमी नाही, अशी जी स्थिती नॉर्टन आणि वॉर्ड यांनी आपणहून निवडली होती, ती आता इथल्या पाळकांच्या वाट्याला न विचारता आली. अनेकांनी शाळेत, रेल्वेत किंवा दवाखान्यात नोकरी करून रविवारची उपासना चालवली.

या मंडळ्यांना पाळक पुरवण्यासाठी यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. अलायन्स, फ्री मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या मिशनांनी मिळून चालवलेली ही संस्था वऱ्हाडाबाहेरही नावाजली आणि १९८३ साली पुण्यात बिबवेवाडीला हलली. तोवर अमरावती-अकोल्यात नव्या, स्वतंत्र मंडळ्याही उभ्या राहू लागल्या होत्या. बरे करणारा ख्रिस्त हा विषय या मंडळ्यांनी पुन्हा पुढे आणला. आरोग्यसभांत आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते आणि साक्षी दिल्या जातात. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. हा कायदा कोणत्याही धर्माची प्रार्थना थांबवत नाही. उपचार अडवण्याला थांबवतो. जुन्या मंडळ्यांची रीतही उपचार न अडवण्याची आहे. तिथे आजाऱ्याच्या घरी पाळक येतो, शास्त्रातला उतारा वाचतो, प्रार्थना करतो आणि निघताना दवाखान्याची तारीख कधीची आहे ते विचारतो.